बागवान जोतीराव

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी मी काहीतरी लिहावे, असा संपादक-भगिनींनी आग्रह धरला, तेव्हा गच्चीवरच्या बागेविषयी चार उपयुक्त सूचना लिहून द्याव्यात, एवढाच माझा विचार होता. कुंडी केवढी घ्यावी, माती कशी कालवावी, मोगऱ्याची छाटणी केव्हा करावी, असे काहीसे. पण लिहायला बसले आणि मनासमोर राहून राहून एकच व्यक्ती उभी राहू लागली. तेव्हा सूचना पुढच्या वर्षासाठी राखून ठेवल्या आणि आज त्या व्यक्तीचीच कथा सांगण्याचे योजिले आहे. ती व्यक्ती म्हणजे महात्मा जोतीराव फुले.

भगिनींनो, पुण्यात राहणाऱ्या आपणांस महात्मा फुल्यांची ओळख करून द्यावी लागते असे नाही. मुलींची शाळा म्हटली की त्यांचे आणि सावित्रीबाईंचे नाव आपल्या ओठी येते. आपल्यापैकी बहुतेकींच्या आज्या-पणज्यांना जे अक्षर लाभले नाही, ते आपणांस लाभले याचे बरेचसे श्रेय या दांपत्याला आहे, हेही आपण जाणतो. परंतु जोतीराव ज्या घरात जन्मले ते घर फुलमाळ्याचे होते. शाळेची पाटी सुटल्यावर त्यांच्या हाती खुरपे आले होते. आणि मातीने जे त्यांना शिकविले ते त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना शिकविले, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात राहत नाही. माझ्याही ती ध्यानात नव्हती. ती ध्यानात यायला माझी एक फजिती कारणीभूत झाली. ती फजिती मी यथावकाश सांगणारच आहे. लपविण्यासारखे तीत काही नाही.

दोन वर्षांपूर्वी बागकाम शिकविणाऱ्या स्वयंसेविका तयार करण्याचा एक वर्ग आपल्या शहरात निघाला होता. घरची जबाबदारी आता सुनेने उचललेली, तेव्हा मीही नाव घातले. दहा आठवडे, आठवड्यातून एक दिवस, असा तो वर्ग. फी नाममात्र होती. पण अट एक होती. जे शिकाल ते स्वतःपाशी ठेवायचे नाही. पुढचे वर्षभर निदान दहा घरी जाऊन विनामूल्य शिकवायचे. ही अट ऐकून खरे सांगते, माझ्या पोटात गोळाच आला. मी काही शेतकी कॉलेजात गेलेली नाही. बाल्कनीत चार कुंड्या लावणारी बाई ती मी, लोकांना काय शिकविणार? तरी वर्ग पुरा केला. ओल्या कचऱ्याचा एक थर तर वाळक्या पाल्याचे दोन, कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा, मावा पडला तर निंबोळीचा अर्क, असे सारे टिपून घेता घेता एक वही भरली. ती वही म्हणजे माझी सारी विद्या, असे मी समजत होते.

आता जोतीरावांकडे वळू.

त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. आजोबा शेटिबा तेथून निघून पुरंदर तालुक्यातील खानवडीस आले आणि पुढे पोटापाण्यासाठी पुण्यास आले. त्यांच्या पश्चात त्यांची मुले अगदी निराधार झाली. तेव्हा पुण्यातल्या एका फुलमाळ्याने त्या पोरांना आपल्या हाताखाली घेतले आणि आपला धंदा शिकविला. त्या माळ्याने हे धंद्याचे गुपित म्हणून स्वतःपाशी ठेवले असते, तर पुढचे सारेच निराळे झाले असते. पण त्याने शिकविले आणि मुले अशी तरबेज झाली की दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यावर फुलांच्या गाद्या, हार, गजरे पुरविण्याचे काम त्यांच्याकडे आले. पेशव्यांनी खूश होऊन पस्तीस एकर जमीन इनाम दिली. गोऱ्ह्यांचे फुले झाले ते या व्यवसायावरून. पुढे थोरल्या भावाने ती जमीन एकट्याच्या कब्जात घेतली आणि धाकट्या गोविंदरावांच्या वाट्याला उरली ती थोडी शेती आणि फुलांचे व भाजीपाल्याचे दुकान. या गोविंदरावांचे चिरंजीव म्हणजे जोतीराव. जन्म ११ एप्रिल १८२७.

जोतीराव वर्षाचेही झाले नव्हते तोच मातोश्री चिमणाबाई निवर्तल्या. नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर या बालविधवेने त्यांना आईच्या मायेने वाढविले. सातव्या वर्षाच्या सुमारास जोतीराव शाळेत जाऊ लागले. परंतु माळ्याच्या पोराला लिहिणे-वाचणे शिकून काय करायचे आहे, शिकला तर तो शेतीच्या कामाचा राहायचा नाही, असे काहींनी वडिलांच्या मनात भरविले आणि १८३८ च्या सुमारास शाळा सुटली. मुलगा बागेत कामाला लागला.

या काळाचे वर्णन बहुतेक चरित्रांतून दोन ओळींत आटोपते. शाळा सुटली ती एक आपत्ती, असे म्हणून चरित्रकार पुढे जातात. ती आपत्ती होतीच, यात शंका नाही. पण मला वाटते, त्या तीन वर्षांत जोतीराव रिकामे बसले नव्हते. तीही एक शाळाच होती. फुलमळ्यातले काम म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी काय सांगावे! पहाटे कळी उमलण्याच्या आत तोडणी करायची, उन्हे वर येण्यापूर्वी माल पेठेत पोचवायचा, मोटेचे पाणी पाटाने सोडून वाफ्या-वाफ्याला दारे धरायचे, तण खुरपायचे, पुढच्या हंगामासाठी चांगले बी धरून ठेवायचे. एका वाफ्याला पाणी जास्त गेले की मुळे कुजतात आणि शेवटच्या वाफ्याला कमी पडते, हे तेथे पुस्तकावाचून कळते. मी स्वतः चार कुंड्यांवर हे शिकले. त्यांनी ते पोरवयात पोटासाठी शिकले.

इकडे शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी मुलाची बुद्धी ओळखली होती. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. १८४७ साली तेथला अभ्यासक्रम पुरा झाला. मध्यंतरी १८४० साली त्यांचा विवाह झाला होता. वधू नायगावची, तिचे वय नऊ वर्षांचे. म्हणजेच आपल्या सावित्रीबाई.

आता यापुढची गोष्ट मला फार आवडते. जोतीरावांनी सावित्रीबाईंना आणि सगुणाबाईंना शिकवायला सुरुवात केली ती शेतात, आंब्याच्या झाडाखाली, असे सांगतात. डहाळी मोडून तिची लेखणी केली आणि जमिनीची पाटी. हे डोळ्यांसमोर आणले म्हणजे वाटते, बाईमाणसाच्या शिक्षणाचा जो वृक्ष आज एवढा फोफावला आहे, त्याचे बी अक्षरशः मातीतच पडले. शिकविणाऱ्याचे हात मातीचे, शिकणारीचे हात मातीचे, आणि दोघांनाही त्याची लाज नाही.

१८४८ साली बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. शिकवायला कोणी पुढे येईना, तेव्हा सावित्रीबाई उभ्या राहिल्या. येथे एक गोष्ट आपण लक्षात घेतली पाहिजे, ती अशी की त्या तशाच उभ्या राहिल्या नाहीत. त्यांनी शिक्षिकेचे रीतसर शिक्षण घेतले. अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यास मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्या शिकल्या. चांगल्या कामाला नुसती कळकळ पुरत नाही, तयारी लागते, हे या दांपत्याने ओळखले होते. लोकांनी त्रास दिला, घरातूनही बाहेर पडावे लागले. ती कथा आपण सर्वजणी जाणतो, म्हणून येथे विस्तार करीत नाही. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. १८५५ साली त्यांनी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणारे शेतकरी आणि मजूर दिवसा कसे येणार? तेव्हा त्यांना जमेल त्या वेळी शाळा! शिकणाऱ्याच्या सोयीने शिकवावे, शिकविणाऱ्याच्या सोयीने नव्हे, हा धडा मी तेथून उचलला आणि माझे दुपारचे वर्ग संध्याकाळी नेले.

लोकसेवा करताना जोतीरावांनी कोणाच्या दानावर संसार चालविला नाही. ते धंदा करीत. बांधकामाची कंत्राटे घेत. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण व कालवा या कामांशी त्यांचा संबंध आला. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले. त्याचा कालवा हडपसरच्या अंगाने पूर्वेकडे गेला आणि कोरडवाहू जमिनीला प्रथमच बारमाही पाण्याची आशा निर्माण झाली. परंतु नवी वस्तू म्हटली की माणूस बिचकतो. ज्याच्या वाडवडिलांनी पावसाच्या भरवशावर बाजरी काढली, त्याने एकाएकी पाणीपट्टी भरून बागायत कशी करावी? येथे जोतीरावांनी व्याख्यान दिले नाही. त्यांनी मांजरीला जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर स्वतः फळे व भाजीपाला पिकवून दाखविला. जाणाऱ्या-येणाऱ्याने बांधावर थांबून पाहावे, विचारावे आणि आपल्या शेतात करून बघावे, असा तो उघडा वर्ग होता. शिकविण्याचा याहून सरळ मार्ग मला तरी ठाऊक नाही.

या मळ्याच्या आधीची एक घटना मी मुद्दाम मागे ठेवली होती. ती आता सांगते. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. भर उन्हाळ्यात ज्यांना पाण्यासाठी वणवण करावी लागे, त्यांनी यावे आणि आमच्या हौदातून पाणी न्यावे, असा तो निर्णय होता. बागवानाला पाण्याचे मोल दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही. वाफा जातीचा नसतो. ज्याला तहान आहे त्याच्याकडे दारे वळवायचे, एवढेच माळ्याला कळते. जोतीरावांनी तेच माणसांच्या बाबतीत केले. त्यांच्या जातभाईंना ते रुचले नाही. पण हौद खुला तो खुलाच राहिला. पुढे २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि १८७७ च्या दुष्काळात या समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालविले.

१८७६ पासून काही वर्षे जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८२ साली हंटरसाहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षणाची चौकशी करणारे कमिशन आले, त्याच्यापुढे जोतीरावांनी लेखी निवेदन दिले. ते मी आपल्या ग्रंथालयातील समग्र वाङ्मयात प्रथम वाचले, तेव्हा पान उलटायचे विसरले. खेड्यातल्या मुलाला लिहिणे, वाचणे, हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान दिले पाहिजे. आरोग्याचे आणि नीतीचे चार धडे दिले पाहिजेत. जोडीला लहानसे आदर्श शेत असावे आणि तेथे मुलांना प्रत्यक्ष काम करून शिकता यावे, असे त्यांचे मागणे होते. मास्तर कसा असावा? शक्य तो शेतकरी वर्गातलाच असावा. ज्याला नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातात धरायला शरम वाटणार नाही, असा असावा. ज्या काळी शिकलेल्या माणसाचा पहिला गुण हात स्वच्छ राहणे हा समजला जाई, त्या काळी हे लिहिलेले आहे.

दुसऱ्याच वर्षी, १८८३ साली, त्यांनी शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ लिहून पुरा केला. ग्रंथाचे नाव ऐकून आपण बिचकतो आणि तो मोठ्या वादाचा ग्रंथ असेल म्हणून बाजूला ठेवतो. वाद त्यात आहेच. पण शेवटाकडे ज्या सुधारणा सुचविल्या आहेत, त्या कोण्या अनुभवी माळ्याने नातवाला सांगाव्या तशा आहेत. डोंगरउतारावर जागोजाग ताली आणि बांध घाला, म्हणजे पावसाचे पाणी वाहून न जाता जमिनीत मुरेल आणि माती जागच्या जागी राहील. तळ्यांतला गाळ काढून शेतात जाऊ द्या. कालव्याचे पाणी प्रत्येक शेताला तोटीने मापून द्या. पाणी पोचले की नाही हे न पाहता पट्टी वसूल करू नका. दरसाल पिकांची आणि नांगरकामाची प्रदर्शने भरवा व चांगले काम करणाऱ्याला बक्षिसे द्या. शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचे शिक्षण द्या, परदेशच्या शेतकी शाळाही त्यांना पाहू द्या. आज पाणलोटाची कामे आणि गाळमुक्तीच्या योजना यांविषयी आपण वर्तमानपत्रात वाचतो. त्यांतल्या कितीतरी गोष्टी गंज पेठेत राहणाऱ्या एका बागवानाने तेव्हाच लिहून ठेवल्या होत्या.

आता माझी फजिती. वर्ग संपल्यावर मी मोठ्या उत्साहाने आपल्या मंडळाच्या गच्चीवर आठ भगिनींना गोळा केले, हे आपणांपैकी अनेकींना आठवत असेल. पालक, मेथी आणि टोमॅटोची रोपे लावली. वहीत लिहिल्याप्रमाणे रोज ठराविक तांब्या पाणी घालायला सांगितले. आषाढ लागला, झड बसली, तरी वहीत होते म्हणून पाणी चालूच! पंधरा दिवसांत रोपे मानेशी कुजून आडवी झाली. भगिनींनी मला दोष दिला नाही, हा त्यांचा चांगुलपणा. पण मी मनातून खचले. वही फेकून द्यावी आणि पुन्हा शिकविण्याच्या भरीस पडू नये, असे वाटले.

त्या दिवशी आपल्या सभागृहाची झाडलोट करायला येणाऱ्या मावशी गच्चीवर आल्या. त्यांचे माहेर दौंडकडचे, बालपण शेतात गेलेले. त्यांनी कुंडीतली मूठभर माती उचलली आणि दाबली. तिच्यातून पाणी गळले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला दाखविले की मूठ दाबून पाणी निघाले तर हात आखडायचा. लाडू वळला आणि बोटाने टोचताच फुटला तर माती नेमकी. लाडू वळलाच नाही तर पाणी द्यायचे. बी दाट पडले आहे आणि शेणखत कच्चे आहे, हेही त्यांनीच ओळखले. माझ्या वहीत जे नव्हते ते त्यांच्या मुठीत होते! हंटर कमिशनपुढच्या निवेदनातला तो नांगर धरणारा मास्तर मी ग्रंथालयात वाचला तो यानंतर. आणि वाचता वाचता मला त्या मावशीच दिसू लागल्या.

असे काम दूरदेशीही चालते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील विद्यापीठाने १९७२ साली सामान्य नागरिकांना बागकाम शिकवून त्यांच्याकडून शेजाऱ्यापाजाऱ्यांना विनामूल्य सल्ला देण्याची पद्धत सुरू केली आणि ती पुढे अनेक ठिकाणी पसरली. शिक्षण घ्यायचे आणि त्याची फेड पैशाने न करता दुसऱ्यांना शिकवून करायची, असा तो विचार. चांगला विचार आहे, आपण तो जरूर घ्यावा. पण निराधार पोरांना हाताशी धरून धंदा शिकविणारा तो पेशवाईतला अनामिक फुलमाळी आणि मांजरीच्या बांधावर उभे असलेले जोतीराव हे आपल्या घरचेच दाखले आहेत, याचाही विसर पडू नये.

जोतीरावांचे अखेरचे दिवस कष्टाचे गेले. ११ मे १८८८ रोजी मुंबईकर जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली आणि त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली. तरी ते स्वस्थ बसले नाहीत. डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पुरे केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली, प्रसिद्ध झाले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले. गंज पेठेतल्या, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेतल्या, त्यांच्या वाड्यात तुळशीवृंदावन आहे. तेथेच त्यांच्या अस्थी विसावल्या आहेत. बागवानाला याहून साजेशी समाधी कोणती! त्यांच्यामागे सावित्रीबाईंनी काम चालू ठेवले. १८९७ च्या प्लेगात दत्तक पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना काढला, तेथे रोग्यांची सेवा करता करता त्यांनाही प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. आरंभ आंब्याच्या झाडाखाली आणि शेवटही मळ्यातच.

आज आपण भाजी आणायला जातो ती १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडलेली मंडई जोतीरावांचे नाव धारण करते. राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले, तेही त्यांच्याच नावाचे. भिडेवाड्याची मोडकळीस आलेली वास्तू २०२३ साली स्मारकासाठी उतरविण्यात आली. नावे दिली, स्मारके उभारली, हे योग्यच झाले. पण भगिनींनो, एवढ्याने आपले देणे फिटते का?

हा प्रश्न मी आपणांस विचारण्याआधी स्वतःला विचारला आहे, आणि त्यासाठीच हा लेख लिहिला आहे. गेल्या वर्षी आपल्या एका बैठकीत मी असे सुचविले होते की गच्चीवरच्या बागवर्गात त्या मावशींना आणि त्यांच्या वस्तीतील बायकांनाही घ्यावे. काही भगिनींना अडचणी वाटल्या. वर्ग वर्गणीदार सभासदांसाठी आहे, गर्दी होईल, जिन्यात चिखल होईल, पिण्याच्या पाण्याची निराळी व्यवस्था करावी लागेल, असे मुद्दे निघाले. निराळी व्यवस्था हे शब्द मला खटकले होते. पण मी गप्प बसले. कोणाचे मन दुखवू नये, असे मी स्वतःला समजाविले. खरे म्हणजे मला धैर्य झाले नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला आणि तेथेच राहिला. मावशी मात्र त्यानंतरही सुटीच्या दिवशी येऊन कुंड्यांना पाणी घालून जातात. त्यांनी मला शिकविले आणि मी त्यांना वर्गात बसा असे म्हणू शकले नाही, हा सल आहे. दोष दुसऱ्या कोणाचा नाही, माझा आहे. ज्या दिवशी १८६८ च्या हौदाची हकीकत मी वाचली, त्या दिवशी मला जेवण गोड लागले नाही.

म्हणून मंडळाच्या वर्धापनदिनी ही विनंती मी छापील शब्दांत करीत आहे, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. येत्या श्रावणात नवा बागवर्ग सुरू होईल. तो संध्याकाळी असावा, म्हणजे कामावरून परतणाऱ्या बायकांना येता येईल. वस्तीतील भगिनींना त्यात मोकळेपणाने घ्यावे, वर्गणी नसावी. शिकवायला मी एकटी नसावे, मावशींनीही माझ्या शेजारी उभे राहून शिकवावे. माझ्यापाशी वही आहे, त्यांच्यापाशी मूठ आहे, दोन्ही मिळून काही तरी होईल. आणि पिण्याच्या पाण्याचा माठ एकच असावा. जिना पुसण्याचे काम मी पत्करते.

बाग फुलली तर उत्तमच. समजा पुन्हा रोपे कुजली, तरी हरकत नाही. बी पुन्हा टाकता येते. पण ज्या शहरात एका माळ्याच्या मुलाने आपला हौद आणि आपली विद्या दोन्ही खुली केली, त्या शहरातल्या आपल्या मंडळाच्या गच्चीचे दार कोणाला बंद राहू नये, एवढीच माझी इच्छा आहे.